रंग, वास, चव

तपासायला आलेलं पाणी माणूस पिऊन टाकतो, हे मी नोकरीच्या चौथ्या दिवशी पाहिलं.

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर आमची पाणी तपासायची लॅब. तीन खोल्या, दोन फ्रीज, एक उबवणपेटी. मी बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमच्या अख्ख्या भावकीत पदवीचा कागद घरी आणणारा मी पहिला, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. त्यामुळे लॅबमध्ये कसं वागायचं ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तर आमचे मुख्य केमिस्ट, म्हणजे सर, एका मोठ्या सोसायटीच्या रिपोर्टवर सही करायला बसलेले. सहीआधी त्यांनी फ्रीजमधून त्या सोसायटीची बाटली काढली. काचेच्या पेल्यात पाणी ओतलं, खिडकीकडे धरून पाहिलं, पेला नाकाशी नेला. मग खुर्चीत नीट बसून तीन घोटांत पेला रिकामा केला आणि पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "सर, ते सॅम्पल होतं."

"होतं," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी समजावलं, की जंतूंचा निकाल हातात आल्याशिवाय ते थेंबभरही तोंडात घेत नाहीत, तेवढं वेड लागलेलं नाही. "पण 'पिण्यास योग्य' असं लिहून खाली मी सही करणार. मग पहिला पेला कोणी प्यायचा? त्यांच्या पोरांनी?"

सर कल्याणचे. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठचे. घरी बायकोशी फोनवर कोकणीत बोलायचे आणि आमच्याशी असं मराठी, की मलाच माझ्या मराठीची लाज वाटावी. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. 'ग्रॅज्युएट' म्हणायचे. टोमणा आहे की कौतुक, हे वर्षभर कळलं नाही.

दुपारच्या नमाजाआधी ते लॅबच्या बेसिनवर वजू करायचे, म्हणजे हातपायतोंड धुवायचे, तेही मापाच्या नळकांड्यात पाणी घेऊन. सहाशे मिलिलिटर. त्यात चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात आणि घोट्यापर्यंत पाय. शेवटी नळकांड्यात थोडं उरलं तर कुंडीतल्या तुळशीला. हो, आमच्या लॅबच्या खिडकीत तुळस होती, मालकांच्या आईने ठेवलेली, आणि तिला पाणी घालायचे ते हेच. आम्ही पिपेट धुताना नळ सोडून ठेवला की मागून येऊन बंद करायचे. नदीकाठी बसला असलात तरी पाणी उधळू नका अशी शिकवण आहे आमच्यात, म्हणायचे, आणि हा तर ठाण्याचा नळ आहे.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक वही होती. प्रत्येक पानावर उभी रेघ. डावीकडे 'पाक', म्हणजे वजूला चालेल असं शुद्ध, उजवीकडे 'पिण्यालायक'. समुद्राचं पाणी डावीकडे हो, उजवीकडे नाही. चहा उजवीकडे हो, पण त्याने वजू होत नाही, म्हणून डावीकडे फुली. पहिल्यांदा वही पाहिली तेव्हा मला हसू आवरेना. बॅक्टेरिया मोजणारा माणूस असली वही ठेवतो, ह्याचा धक्काच बसला, खरं सांगायचं तर.

सरांना हसण्याचा राग आला नाही. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, पाण्याच्या मानकांच्या तक्त्यात सुरुवातीला काय येतं? मी म्हटलं, रंग, वास, चव. "मी आठ वर्षांचा असताना मदरशातल्या मौलवींनी हेच तीन शब्द पाठ करून घेतले," ते म्हणाले. साठवलेलं पाणी थोडं असेल, तर त्यात घाण पडली की ते नापाक. दिसो न दिसो. दोन मोठ्या रांजणांपेक्षा जास्त असेल, तर रंग, वास किंवा चव बदलली तरच नापाक. दोन रांजण म्हणजे आपल्या मापात साधारण दोनशे लिटर. "ते बाहेरचं निळं पिंप आहे ना, तेवढं."

मी म्हटलं, पण सर, रंग-वास-चव न बदलता कॉलरा होतो.

"म्हणून तर मधे रेघ आहे," ते म्हणाले. "डावीकडचा प्रश्न वेगळा, उजवीकडचा वेगळा. भांडण लावतात ते एकाचं उत्तर दुसऱ्याला देणारे."

मग माझ्या घरी देव्हाऱ्यात काय आहे, असं विचारलं. मी सांगितलं, गंगाजलाचा तांब्याचा गडू, झाळून बंद केलेला, आजोबांच्या वेळचा. लगेच उत्साहाने विचारलंही, आणून दाखवू का, टेस्ट करू. ते एकदम गंभीर झाले. "ते पूजेचं आहे. त्याला बाटलीत भरायचं नाही. कोणी प्यायला काढलं तर मात्र सांग."

एकदा कल्याणहून एका मशिदीचे ट्रस्टी आले. त्यांच्या हौदाच्या पाण्यात जंतू निघालेले. ट्रस्टी बिचारे रडकुंडीला. इतकी वर्षं माणसं त्या हौदावर वजू करतात, त्यांच्या नमाजांचं काय झालं? सर म्हणाले, मी मौलवी नाही, मौलवींना विचाराच, पण मी शिकलोय त्याप्रमाणे हौद मोठा आहे, पाण्याचा रंग, वास, चव बदललेली नाही, नमाजाची काळजी करू नका. ट्रस्टींचा जीव भांड्यात पडला, उठायला लागले. तर सरांनी त्यांना पुन्हा बसवलं. वजूत चूळ भरतात ना? मग ती ह्या पाण्याने भरू नका. क्लोरीनची सोय होईपर्यंत नळाचं पाणी द्या. अल्ला माफ करील, टायफॉइड करणार नाही.

आता त्यांनी मला सगळ्यांत हादरवलं तो प्रसंग. घोडबंदरकडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सांडपाणी शुद्ध करून बागेला घालतात. आम्ही नमुना घ्यायला गेलेलो. सरांनी गटाराच्या चेंबरपासून शेवटच्या गाळणीपर्यंत प्रत्येक टाकी वाकून पाहिली, वास घेतला. शेवटच्या नळाखाली पेला धरला, उजेडात पाहिला. मग चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि तिथेच, संडासातून निघालेल्या पाण्याने, वजू करायला बसले. प्लांटचा ऑपरेटर त्यांच्याच धर्माचा, तो दोन पावलं मागे सरकला. सरांनी चूळ मात्र पिशवीतली घरची बाटली काढून तिने भरली. डावीकडे हो, उजवीकडे नाही.

"अरे, घाण कुठे राहिली?" पाय पुसताना ते म्हणाले. "रंग गेला, वास गेला. मोठमोठ्या आलिमांनी, धर्मपंडितांनी, बसून ठरवलंय, की असं पूर्ण शुद्ध झालेलं पाणी पाक. पाण्याला परत माणसात घ्यायचं नाही तर काय करायचं?"

ही गोष्ट मी आमच्या बिल्डिंगमध्ये सांगितली. दिवा स्टेशनजवळ आम्ही राहतो, तिथे पॅसेजमध्ये उभं राहून, हातवारे करून. चूळ घरच्या पाण्याने भरली, हे सांगायचं गाळलं, कारण मग हसू कमी आलं असतं. लोक खूप हसले. माझा भाव वाढला. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

मग कोविड आला. दुसऱ्या लाटेत सर महिनाभर आजारी होते. परत आले ते निम्मे होऊन. काम पहिल्यासारखंच करायचे. फक्त एक झालं. आधी कधीच अत्तर लावून न येणारा माणूस, कारण लॅबमध्ये नाक कोरं पाहिजे म्हणायचे, तो आता कपडे घमघमत यायला लागला. शुक्रवारी तर जिन्यातच कळायचं. मला वाटलं, म्हातारपण आलं. पेला नाकाशी धरायचे तो मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ.

आमच्या दिव्याला पाण्याची बोंब. टँकर येतो, जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतो, तिथून पंपाने वर चढतं. पंप चालवायचे माझे बाबा. पाटणकडचा माणूस, डोंबिवलीच्या कारखान्यातून रिटायर झालेला. पंपाच्या खोलीची किल्ली करगोट्याला बांधून फिरायचे. सगळी बिल्डिंग पाणी उकळून प्यायची, आणि गॅस परवडत नाही म्हणून कुरकुरायची. एके दिवशी सेक्रेटरी म्हणाले, तुमचा मुलगा लॅबमध्ये आहे ना, एकदा टेस्टिंग करून टाका. बाबांनी हे मला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा 'तुमचा मुलगा'वर जोर.

पाण्याचे दोन नमुने घेतात. एक मोठ्या बाटलीत, बाकी तपासण्यांसाठी. दुसरा छोट्या निर्जंतुक बाटलीत, जंतूंसाठी. ह्या छोट्या बाटलीत आधी थायोसल्फेटचे थेंब टाकून ठेवायचे असतात. पाण्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीतही जंतू मारत राहतं, लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळे मेलेले, आणि रिपोर्ट येतो साफ. थायो त्या क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं. सर म्हणायचे, नमुना हा साक्षीदार आहे, त्याला वाटेत मारू नका.

त्या दिवशी थायोच्या बाटल्या संपलेल्या, आणि माझं नाक सर्दीने चोंदलेलं. मी साधी निर्जंतुक बाटली घेतली. टँकरचं पाणी, त्यात क्लोरीन कुठून येणार? फॉर्मवर रकाना होता, 'क्लोरीन घातले आहे का'. मी कोणालाही न विचारता 'नाही' लिहिलं. रकान्यात 'नाही' असलं की क्लोरीनची वेगळी तपासणी होत नाही.

रिपोर्ट साफ आला. सरांनी मोठ्या बाटलीतून पेला भरला, वास घेतला, प्यायले. वास: नाही. चव: स्वीकारार्ह. सही. बाबांनी तो कागद स्वतः पंपाच्या खोलीबाहेरच्या बोर्डावर लावला, वर प्लॅस्टिक लावून. बिल्डिंगने पाणी उकळायचं बंद केलं.

आठवड्याभरात आमच्या मजल्यावर जुलाब सुरू झाले. मग खालच्या. मग आई. तिला सलाईन लावलेलं असताना शेजारची काकू मला म्हणाली, "अरे, तुझा कागद बघून आम्ही गॅस बंद केला रे." भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आईला दवाखान्यात ठेवून मी सरळ लॅबमध्ये गेलो. आमच्या नमुन्याची मोठी बाटली फ्रीजमध्ये होती, पंधरा दिवस ठेवायची पद्धत आहे. झाकण उघडलं आणि ब्लीचिंग पावडरचा भपकारा नाकात गेला. डोळ्यांत पाणी आलं. माझी चूक मला तिथेच कळली. पण ती कळल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. हे पाणी सरांनी नाकाशी धरलेलं. हे पाणी सर प्यायलेले.

मी बाटली तशीच त्यांच्या टेबलावर नेली. ते काहीतरी लिहीत होते. मी म्हटलं, "सर, वास घ्या."

त्यांनी घेतला. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं, माझे डोळे लाल झालेले पाहिले, आणि बाटली खाली ठेवली.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी ब्लीचिंग पावडर म्हटल्यावर त्यांनी सांगून टाकलं. दीड वर्ष झालं होतं. कोविडमध्ये नाक गेलं, जीभ गेली, परत आली नाहीत. घरी वजूचं पाणीसुद्धा बायकोला हुंगायला लावायचे. लॅबमध्ये कोणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षं नाकावर जगलो, म्हणाले, सांगायला तोंड नव्हतं. बाकीच्या तपासण्या यंत्रं करतात, आणि क्लोरीनचं तर फॉर्मवर लिहिलेलं असतं.

"पाण्याबद्दल भरवशाच्या एका माणसाने सांगितलं तर ते मानावं, अशी आमच्यात रीत आहे," ते म्हणाले. "तू 'नाही' लिहिलं होतंस. मी मानलं."

त्यांनी एवढंच म्हटलं, पण कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

घरी येऊन बाबांना विचारलं, टाकीत काही टाकलेलं का? बाबा आनंदाने म्हणाले, "मग? पोरगं पाणी न्यायला येनार म्हनल्यावर टाकी तशीच ठेवू व्हय? सकाळीच पावडर मारलेली." पाहुणा यायचा म्हणून अंगण झाडावं, तसं. काय झालंय ते मी सांगितलं. ते खाली बसले.

आई बरी होऊन घरी आली, आणि रविवारी सकाळी बिल्डिंगखाली मीटिंग ठरली. सरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते स्वतःहून कल्याणहून आले. आल्या आल्या बोर्डावरचा रिपोर्ट काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि सांगितलं की हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, टाकीत गटार झिरपत असणार, आधी ती रिकामी करून भिंत तपासा. मग म्हणाले, सही माझी आहे, चूक माझी आहे.

सेक्रेटरी तापलेले. त्यांचा नातू आजारी होता. ते म्हणाले, "तुमच्यात चालत असेल हो असलं पाणी. संडासाच्या पाण्याने आंघोळी करता म्हणे तुम्ही. आम्हाला कशाला पाजलंत?"

मागून कोणीतरी म्हणालं, मुद्दामच असेल. माना हलल्या. ही गोष्ट ह्या बिल्डिंगमध्ये कोणी आणली, ते मला माहीत होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी वजू कशाने करतो, ते माझं मी अल्लाला सांगेन," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या पिण्याचं उत्तर लॅबने द्यायचं होतं. मला वास येत नाही. दीड वर्ष येत नाही. ते लपवून मी सही केली. मुद्दाम विचाराल तर तेवढंच मुद्दाम."

बाटलीबद्दल ते बोलले नाहीत. फॉर्मबद्दल बोलले नाहीत. तेवढ्यावर मीटिंग मिटली असती. माझी पदवी, माझी नोकरी, बाबांची किल्ली, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि दोष त्यांच्या नाकाला आणि त्यांच्या धर्माला चिकटून कल्याणला गेला असता.

मी उभा राहिलो. बाटली चुकीची घेतली ती मी, म्हटलं. क्लोरीन नाही असं न विचारता लिहिलं ते मी. आणि सरांनी त्या दिवशी चूळ घरच्या पाण्याने भरलेली, ते मी तुम्हाला हसवायला गाळलं.

सेक्रेटरी म्हणाले, "आणि क्लोरीन टाकीत आलं कुठून?"

बाबा पंपाच्या खोलीच्या दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, आणि त्यांनी ते पाहिलं असावं.

"पावडर म्या टाकली," बाबा म्हणाले.

"कोणी सांगितलेलं तुम्हाला?"

"कोनी न्हाय. पोरगं पहिल्यांदा आपल्या हितलं पानी नेनार हुतं."

सर गर्दीतून वाट काढत बाबांकडे गेले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी डॉक्टर विचारतो तसं विचारलं, किती टाकलीत?

"दोन मुठी. तीन असतील."

"तीन मुठी," सर म्हणाले. "त्या वासाने मेलेला माणूस उठला असता. मी तेवढा नाही उठलो."

बाबांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी ती घेतली. घेऊ नका, असं कोणी म्हणालं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणायला नकोच होतं.

सरांना सोडायला आम्ही दोघे स्टेशनपर्यंत चालत गेलो. बाबा एक पाऊल मागे. स्टेशनच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी धीर करून विचारलं, "साहेब, पोराच्या नोकरीचं काय म्हनायचं?"

सर थांबले. म्हणाले, उद्या सकाळी मालकांना नाकाचं सांगणार आहे. त्यांनी ठेवलं तर मला वास घ्यायला माणूस लागेल.

"चुकलेला चालंल?"

"चुकलेला चालतो," सर म्हणाले. "आज सगळ्यांसमोर बोलला ना, झालं."

मालकांनी दोघांनाही ठेवलं, आधी बरंच ओरडून. त्या दीड वर्षात पाणी तपासून घेतलेल्या प्रत्येक सोसायटीला सरांनी स्वतः पत्र लिहिलं आणि फेरतपासणी करून दिली. काही सोसायट्यांनी आमची लॅब सोडली. तीन वर्षांनी सर रिटायर झाले, तोपर्यंत रोज मी पेला नाकाशी धरायचो, मग जिभेला लावायचो, आणि ते पेन उघडून वाट बघायचे. मी 'नाही' म्हटलं की ते 'नाही' लिहायचे, पुढे माझी आद्याक्षरं. एकदाही त्यांनी तो पेला दुसऱ्या कोणाकडे नेऊन खात्री करून घेतली नाही. मी त्यांच्या जागी असतो तर नेला असता. बाकीचे सगळे धक्के पचले, हा एक अजून पचलेला नाही.